वजन उतरतंय, तर तो नखरा नव्हे

प्रश्न : आमचा ग्रेट डेन नर तीन वर्षांचा आहे. दीड महिन्यापूर्वी त्याचं वजन ५८ किलो होतं, आता ५४ आहे. एक दिवस नीट खातो, मग दोन दिवस भांड्याकडे बघतही नाही. कधी सकाळी पिवळा फेस ओकतो, मधूनच शी पातळ होते. डॉक्टरांनी सलाईन आणि इंजेक्शन दिलं की दोन-तीन दिवस अगदी पहिल्यासारखा होतो, मग पुन्हा तेच. साधी रक्ततपासणी ठीक आली. चार वेळा खाणं बदलून पाहिलं, आता हातानं भरवतो आहोत. सगळे म्हणतात, लाडावलाय, उपाशी ठेवा, झक मारत खाईल. काय करावं?

उत्तर : उपाशी ठेवू नका. ज्यांनी हे सुचवलं त्यांचा हेतू वाईट नसणार, आणि धडधाकट पण लाडावलेल्या कुत्र्याला हा उपाय लागूही पडतो. पण तुम्ही लिहिलेलं वाचून हा कुत्रा लाडावलेला आहे असं मला वाटत नाही. तो आजारी आहे असं धरून चाला.

असं वाटण्याचं कारण तुम्हीच पत्रात दिलं आहे : वजन. ५८ वरून ५४ म्हणजे जवळपास सात टक्के. नखरेल कुत्रा भांड्यातलं हुंगून निघून जातो, तुमच्या ताटाची वाट बघत बसतो, घरच्यांना मागेपुढे नाचवतो, पण दिवसाच्या शेवटी आपल्या गरजेपुरतं पोटात ढकलतो. महिन्याभरानं वजन करा, काटा तिथेच असतो. ज्याचं वजन उतरतंय तो नखरे करत नसतो. इतक्या वर्षांत या एका कसोटीनं मला क्वचितच फसवलं आहे. जेव्हा फसले तेव्हा वजन न करताच मत बनवलं होतं, त्याबद्दल पुढे लिहिते.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ही कसोटी जास्तच महत्त्वाची ठरते, कारण तो उपास खूप दिवस झाकून नेतो. शरीराला नुसतं जिवंत राहायला किती उष्मांक लागतात ते वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. आम्ही ज्या सूत्रानं हिशेब करतो त्यानुसार पाच किलोच्या कुत्र्याला विश्रांतीत दर किलोमागे साधारण ४७ किलोकॅलरी लागतात, तर तुमच्या ५४ किलोच्या डेनला फक्त २६ च्या आसपास. त्यामुळे इवलंसं कुत्रं दोन दिवसांत मलूल पडतं, आणि डेन किंवा मास्टिफ आठवडाभर अर्धपोटी राहूनही दारात उभा राहून शेपटी हलवतो. एवढ्या मोठ्या सांगाड्यावरून चार किलो उतरले तर रोज बघणाऱ्या डोळ्यांना ते दिसतही नाहीत. शिवाय असं जनावर उचलून घरच्या काट्यावर ठेवता येत नाही, म्हणून वजन करणं टळत जातं. दवाखान्यातला जमिनीलगतचा काटा वापरा, आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी खाण्याआधी. तुम्ही ५८ चा आकडा लिहून ठेवला होता म्हणून आज मी तुम्हाला हे ठामपणे सांगू शकते.

आता भांड्यापाशी काय घडतं ते नीट बघा. ‘खात नाही’ हे दोन शब्द ऐकून मला काहीच कळत नाही, कसा खात नाही ते कळलं तर निम्मं निदान होतं. पुढच्या दोन-तीन वेळा अन्न ठेवा, काही बोलू नका, आग्रह करू नका, थोडं लांब बसून मोबाइलवर चित्रण करा. ते डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा हे दाखवणार नाही.

काही कुत्री भांड्याच्या आवाजानं उठतच नाहीत. तिथे भूकच मेलेली असते : ताप, किडनी, लिव्हर, कुठेतरी खोल दुखणं. काही उठतात, येतात, हुंगतात, ओठ चाटतात, दोन-तीनदा घोट गिळतात आणि मान वळवून निघून जातात. ही मळमळ आहे. माणसाला गाडी लागल्यावर समोर पक्वान्नं ठेवली तर जसं होतं तसं. पिवळा फेस ओकणाऱ्या तुमच्या डेनमध्ये मला हेच दिसेल असा अंदाज आहे. घरचे याला हमखास ‘आवडलं नाही’ म्हणतात आणि पदार्थ बदलतात.

तिसरा प्रकार फार फसवा. कुत्रा लगबगीनं येतो, घास घेतो आणि टाकतो, किंवा मान तिरकी करून एकाच बाजूनं चावतो. त्याला भूक आहे, तोंड दुखतंय. माझ्याकडे एक रॉटवायलर ‘कोरडं खाणं सोडलं, फक्त मऊ मागतो, लाडावलाय’ म्हणून आला होता. भूल देऊन तोंड उघडलं तर वरच्या मोठ्या दाढेचं बाहेरचं कवच उभं तुटून हिरडीला लोंबत होतं आणि आतली नस उघडी पडली होती. कडक हाडं चघळणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत नेमकी हीच दाढ अशी फुटते, कारण सगळा जोर तिच्यावर येतो. जागं असताना ओठ उचलून पाहिलं तर ते दिसलं नव्हतं. दाढ काढली, चौथ्या दिवशी तो पहिल्यासारखं कोरडं खात होता. जबडा उघडतानाच कुत्रा विव्हळत असेल तर चावण्याच्या स्नायूंना आलेली सूज हेही कारण असू शकतं. अशा वेळी तोंड जबरदस्तीनं उघडायला जाऊ नका.

आणि चौथा : भांड्यापर्यंत येतो, वाकायला जातो, थबकतो. त्याच्या नाकासमोर घास धरला तर मुकाट्यानं खातो. घरच्यांना वाटतं, हातानं भरवण्याची सवय लागली. असतं काय, तर मान. डेन आणि डॉबरमन यांच्यात मानेच्या मणक्यांचा आजार नेहमी आढळतो, आणि खाली वाकणं ही त्यांना शिक्षा होते. तुम्ही त्याला हातानं भरवता असं लिहिलंय, म्हणून हे तुमच्या घरी आज संध्याकाळीच तपासा. तेच अन्न, तेच भांडं, फक्त त्याच्या छातीच्या उंचीवर धरा. लगेच खाल्लं तर डॉक्टरांना मान तपासायला सांगा. अर्थात यानं तुमच्या पत्रातल्या उलट्या आणि पातळ शी यांचा उलगडा होत नाही, त्यामुळे माझा पहिला संशय इथे नाही. भांडं कायमचं उंचावर ठेवण्याचा सल्लाही मी सरसकट देत नाही. पोट फुगण्याच्या ज्या विकाराबद्दल पुढे लिहिते आहे, त्याचा धोका उंच भांड्यानं वाढतो असं अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात दिसलं होतं. पुढे त्यावर मतभेद झाले. तरी ज्याची मान दुखत नाही अशा डेनसाठी मी भांडं जमिनीवरच ठेवते.

वाट बघायची नाही अशा काही गोष्टी आहेत, त्या आधी सांगून टाकते. खाणं बंद आणि त्याबरोबर कुत्रा पुन्हा पुन्हा उलटीची उबळ काढतोय, पण बाहेर काही पडत नाही किंवा नुसता चिकट फेस येतो, लाळ गळतेय, एका जागी बसवत नाही, फासळ्यांमागे पोट ताठ झालंय. हे पोट फुगून पिळा पडल्याचं लक्षण आहे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हा विकार होतो आणि ग्रेट डेन त्यात सगळ्यात वरच्या क्रमांकावर आहे. जठर फिरतं, त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांत जीव जातो. सकाळ होण्याची वाट बघायची नाही, पोटात कसलंही औषध ओतायचं नाही, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी न्यायचं. निघतानाच फोन करून कळवा, म्हणजे तिथे तयारी सुरू होते. उठत नसेल तर जाड चादरीवर घेऊन दोघा-तिघांनी उचला.

हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर तेही तसंच तातडीचं. वयस्क मोठ्या कुत्र्यांत प्लीहेवरची गाठ फुटून पोटात रक्त साठतं. कालपर्यंत बरा असलेला कुत्रा आज अन्न नाकारतो आणि पायांवर डळमळतो, हेच काय ते दिसतं. हिरडीवर बोट दाबून सोडा, गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परतला पाहिजे. हे वाचताना कुणाच्या घरी नसबंदी न झालेली कुत्री असेल आणि माजानंतर एक-दोन महिन्यांत तिनं खाणं सोडून पाणी पिणं वाढवलं असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी दाखवा. गुदद्वारातून घेतलेला ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हा कुत्र्याचा नेहमीचा, १०३.५ च्या वर गेला तर खरा ताप. गोचिडी दिसल्या असतील तर तेही आवर्जून सांगा. गोचीड तापाची सुरुवात पुष्कळदा फक्त ‘खात नाही’ एवढीच असते.

यांपैकी काही नसेल, कुत्रा पाणी पितोय, उलट्या नाहीत, हिंडतोय फिरतोय, तर मोठ्या प्रौढ कुत्र्याच्या बाबतीत मी एक दिवस थांबायला सांगते. दुसरा दिवसही तसाच गेला तर दवाखाना. पिल्लाला एवढी मुभा नाही, तिथे अर्धा दिवसही पुष्कळ झाला. इन्सुलिन चालू असलेल्या कुत्र्यानं खाल्लं नाही तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नेहमीचा डोस टोचू नका.

आता तुमचा डेन. इतक्या लांबून निदान करणं योग्य नाही आणि मी ते करत नाहीये. पण तुमच्या पत्रातल्या चार गोष्टी एका रांगेत ठेवल्या की माझ्या मनात एक नाव येतं. आजार येतो-जातो. अधूनमधून उलटी, अधूनमधून पातळ शी. वजन घटतंय. आणि सलाईन-इंजेक्शननं दोन-तीन दिवस जादू झाल्यासारखा बरा होतो. तरुण किंवा मध्यमवयीन कुत्र्यात हे चित्र दिसलं की अॅडिसनचा आजार आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि ज्या जातींत तो जास्त आढळतो त्यांत ग्रेट डेन आहे.

किडनीजवळ अॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं बनवतात. बहुतेक वेळा शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटून या ग्रंथींचा नाश करते. कॉर्टिसॉल कमी पडलं की भूक जाते, आतडी बिघडतात, साध्या ताणालाही शरीर तोंड देऊ शकत नाही. अल्डोस्टेरॉन कमी पडलं की रक्तातलं सोडियम लघवीवाटे निघून जातं आणि पोटॅशियम साठत राहतं. सलाईनमधून सोडियम आणि पाणी मिळतं, पोटॅशियम पातळ होतं, म्हणून कुत्रा तरतरीत होतो. त्या इंजेक्शनमध्ये स्टेरॉइड असेल तर जे संप्रेरक कमी पडत होतं तेच दोन दिवसांपुरतं बाहेरून मिळतं. म्हणजे उपचार नकळत योग्यच होत असतो, पण अपुरा. आणि त्या बरं वाटण्यामुळेच खरा आजार झाकला जातो.

मी फसले तो प्रसंग हाच. एक जर्मन शेफर्ड मादी, वय चार. घरात बाळ आलं आणि त्याच सुमारास तिनं खाणं कमी केलं. सगळं इतकं सरळ दिसत होतं की मी तिला मनाला लागलंय असं सांगितलं, वेळ द्या म्हटलं. दोन वेळा आली, दोन्ही वेळा सलाईननं सुधारली. मी तिचं वजन मागच्या नोंदीशी ताडून बघितलं नाही. ते पाच किलोंनी कमी होतं. दोन महिन्यांनी एका वादळी रात्री, ढगांच्या गडगडाटानं घाबरल्यावर, ती कोसळली. आणली तेव्हा शरीर थंडगार, रक्तदाब लागत नव्हता, आणि अशा अवस्थेत ज्या हृदयानं धडधडायला हवं ते संथ चाललं होतं. त्या संथ ठोक्यांनी मला जागं केलं : पोटॅशियम साठलं की हृदय असं मंदावतं. ती वाचली, पुढे सहा वर्षं जगली. पण ते दोन महिने तिला विनाकारण भोगावे लागले, आणि ते माझ्या हातून झालं. तेव्हापासून ‘मनाला लागलंय’ हे निदान मी सगळ्यात शेवटी करते.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ‘साधी रक्ततपासणी’ म्हणजे फक्त पेशींची गणना केली होती, की सोडियम-पोटॅशियमही बघितलं होतं? या दोघांचं गुणोत्तर २७ च्या खाली असेल तर संशय बळावतो. पण फक्त त्यावर विसंबू नका, कारण काही कुत्र्यांत केवळ कॉर्टिसॉल कमी असतं आणि सोडियम-पोटॅशियम ठीक येतात. पेशींच्या अहवालातही एक खूण दडलेली असते. आजारी, ताणात असलेल्या कुत्र्याच्या रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पेशी कमी झालेल्या दिसायला हव्यात. इतका आजारी असूनही त्या भरपूर असतील, तर कॉर्टिसॉल आहे का असा प्रश्न पडलाच पाहिजे. ‘ठीक’ आलेला तो अहवाल पुन्हा काढून या नजरेनं वाचायला सांगा.

पुढची पायरी साधी आहे : रक्तातलं कॉर्टिसॉल. ते २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त आलं तर अॅडिसन जवळजवळ बाद होतो. कमी आलं तर निदान पक्कं झालं असं नाही, मग ग्रंथींना इंजेक्शननं चालना देऊन तासाभरानं पुन्हा कॉर्टिसॉल मोजतात, त्यावर निकाल लागतो. मात्र मागच्या आठवड्यांत स्टेरॉइड दिलं गेलं असेल तर ही चाचणी चुकीचं सांगू शकते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तर चाचणीत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं. त्यामुळे कोणत्या तारखेला नेमकं कोणतं इंजेक्शन दिलं याची नोंद दवाखान्यातून मागून घ्या. आणि निदान होईपर्यंत ‘जरा भूक लागेल’ म्हणून आणखी स्टेरॉइड टोचून घेऊ नका. अपवाद एकच. कुत्रा कोसळला तर आधी जीव वाचवायचा, चाचणीचं नंतर बघायचं.

हा आजार निघाला तर हादरून जाऊ नका. तो बरा होत नाही, पण आयुष्यभर उत्तम सांभाळता येतो. साधारण महिन्यातून एक इंजेक्शन किंवा रोजची गोळी, सोबत थोडं प्रेडनिसोलोन, आणि प्रवास, शस्त्रक्रिया, फटाक्यांसारखा ताण यांच्या आधी डॉक्टरांना विचारून त्याचा डोस वाढवणं. भूक बहुधा एक-दोन दिवसांत परतते. त्या पहिल्या भरल्या भांड्यापाशी मी पुष्कळ घरच्यांना रडताना पाहिलं आहे.

नाही निघाला, तरी शोध थांबवायचा नाही. मग आतड्यांची जुनाट सूज, लिव्हर, स्वादुपिंड, आणि पोटात अडकून पडलेली एखादी वस्तू. मोजा, फळाची कोय, खेळण्याचा तुकडा जठरात आठवडेच्या आठवडे पडून राहतो, कधी वाट अडवतो कधी मोकळी करतो, आणि लक्षणंही तशीच येत-जात राहतात. मोठी कुत्री मोठ्या वस्तू गिळतात हे विसरू नका. घरातून काही नाहीसं झालंय का आठवा. एक्स-रे आणि सोनोग्राफी दोन्ही करावं. शीची तपासणी स्वस्तातली म्हणून टाळली जाते, पण चाबकासारखा एक जंत असा आहे की तो सोडियम-पोटॅशियम बिघडवून हुबेहूब अॅडिसनचं सोंग घेतो. डेनच्या बाबतीत मी हृदयही तपासते. हृदयाचे स्नायू ढिले पडण्याचा आजार या जातीत आहे आणि कधीकधी खोकल्याच्याही आधी भूक जाते. झोपेत शांत असताना त्याचे श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या आत असावेत.

तोपर्यंत काय भरवायचं, हा तुमचा खरा प्रश्न, मला ठाऊक आहे. त्याचं उत्तर मी मुद्दाम मागे ठेवलं.

पहिलं म्हणजे अन्न बदलणं थांबवा. मळमळत असताना पोटात गेलेल्या चवीशी कुत्रा ती मळमळ जोडतो आणि ती चव कायमची नाकारतो. तुम्ही चार वेळा बदललंत म्हणजे कदाचित चार अन्नं त्याच्या मनातून उतरली. म्हणूनच विशेष औषधी आहार ऐन आजारपणात सुरू करू नये, मळमळ थांबल्यावर करावा. डॉक्टरांकडून मळमळीवरचं औषध मागा, मारोपिटंट हे त्यासाठी चांगलं वापरात आहे. भूक वाढवणारी औषधंही आहेत, कॅप्रोमोरेलिन हे त्यांपैकी एक, पण मळमळ आणि कारण यांचा बंदोबस्त झाल्यावर. पोटात वस्तू अडकलेली असताना भूक वाढवली तर आपणच नुकसान करतो.

हातानं भरवणं चुकीचं नाही, पण त्यात फसगत होते. हिशेब करा. ५४ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण १४०० किलोकॅलरी लागतात. उकडलेलं, कातडी काढलेलं चिकन ४०० ग्रॅम आणि शिजवलेला भात पावणेसहाशे ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक किलो अन्न, तेव्हा कुठे ती बेरीज होते. तासभर आर्जवं करून दहा-बारा घास गेले की घरच्यांना वाटतं, चला, काहीतरी खाल्लं. ते दहा-बारा घास म्हणजे गरजेचा दहावा हिस्सा. म्हणून अन्न वजन करून ठेवा आणि उरलेलं वजन करून लिहा. ‘थोडं खाल्लं’ यापेक्षा ‘२२० ग्रॅम खाल्लं’ हे डॉक्टरांना कितीतरी उपयोगी. चिकन-भात हा थोड्या दिवसांचा आधार आहे, त्यात कॅल्शियमसकट पुष्कळ गोष्टी नसतात, तो महिनोन्महिने चालवू नका.

दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. अंगाइतकं कोमट करा, वास उठतो आणि कुत्रा आधी नाकानं जेवतो. पिवळा फेस सकाळी रिकाम्या पोटी येत असेल तर शेवटचा घास रात्री झोपण्यापूर्वी ठेवा, पुष्कळदा तेवढ्यानं फेस थांबतो. वीस मिनिटांनी भांडं उचला, रागावून नव्हे, शांतपणे. मळमळणाऱ्या जिवासमोर दिवसभर अन्न ठेवणं त्रासाचं असतं. पाणी मात्र कायम समोर असू द्या. चवीसाठी रस्सा घालायचा तर त्यात कांदा-लसूण नको, दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. तूप-तेल, चरबी ओतून मोह घालू नका, स्वादुपिंडाला सूज येते. अंग दुखत असेल म्हणून माणसांची वेदनाशामक गोळी तर कधीच नाही. आयबुप्रोफेननं जठराला जखमा होतात, किडनी निकामी होते.

सिरिंजनं घशात अन्न ढकलू नका. मोठा कुत्रा मान झटकतो, अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. शिवाय दुखणाऱ्या, दबलेल्या ५४ किलोच्या कुत्र्यानं आपल्याच माणसाला चावल्याचे प्रसंग मी पाहिलेत, आणि त्यात दोष कुत्र्याचा नव्हता. खरोखर दिवसचे दिवस अन्न जात नसेल तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवता येते. तिचं नाव काढलं की घरचे घाबरतात, ‘इतकी वेळ आली का’ म्हणतात. मला ती नळी फार प्रिय आहे. कुत्रा तिच्यासकट हिंडतो, झोपतो, तोंडानं खाऊही शकतो, औषधं विनाझगडा जातात, आणि घरातली रोजची लढाई संपते.

ज्यांच्या घरी वेगळी परिस्थिती आहे त्यांच्यासाठी थोडं. आठ-दहा महिन्यांचा मोठ्या जातीचा कुत्रा अचानक अन्न उरवू लागला, वजन स्थिर आहे किंवा हळू वाढतंय, खेळतोय, लंगडत नाही, तर बहुधा त्याची वाढ मंदावली आहे आणि त्याला तेवढं नकोच आहे. पाकिटावर लिहिलेलं माप त्याच्या गळी उतरवू नका. वाढत्या ग्रेट डेन पिल्लांना हवं तेवढं खाऊ दिलं की हाडांचे विकार वाढतात हे १९७४ मध्येच प्रयोगानं दिसलं होतं. ४८ लॅब्राडॉरवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीतल्या दुसऱ्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगली. फासळ्यांवरून हात फिरवा : किंचित आवरणाखाली त्या सहज मोजता आल्या की पुरे. मात्र तोच तरुण कुत्रा आज या पायानं, आठवड्यानं त्या पायानं लंगडत असेल किंवा मनगटाच्या वर सूज असेल, तर वाढीच्या वयातला हाडांचा दाह बघावा लागतो. तिथे अन्नत्याग हा वेदनेचा भाग असतो.

तुमच्याकडे परत येते. उद्याच्या भेटीला या गोष्टी न्या : भांड्यापाशीचं चित्रण, वजनांचे आकडे तारखांसह, प्रत्येक सलाईन-इंजेक्शनची तारीख आणि नाव, जुना रक्ताचा अहवाल, आणि शीचा ताजा नमुना. सोडियम-पोटॅशियम आणि कॉर्टिसॉल हे दोन शब्द कागदावर लिहून न्या. चांगले डॉक्टर अशा प्रश्नानं दुखावत नाहीत. उद्या अपॉइंटमेंट मिळत नसेल आणि आज रात्री तो उठेनासा झाला, अंग गार लागलं किंवा उलट्या थांबल्या नाहीत, तर तातडीच्या दवाखान्यात जा, आणि आत शिरतानाच ‘अॅडिसन असू शकतो’ एवढं म्हणा, म्हणजे पोटॅशियम आधी तपासलं जाईल.

आणि भूक परतली की तुम्हाला त्याच्यापुढे डोंगर रचावासा वाटेल. तेवढा मोह आवरा. इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या डेनच्या पोटात एकदम किलोभर अन्न गेलं तर पोट फुगण्याची भीती असते. पहिल्या दिवशी गरजेच्या तिसऱ्या हिस्स्याएवढं, तेही चार वेळांत वाटून. दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. भांडं चाटून तो तुमच्याकडे बघत राहील. तरी पुढचं खाणं ठरल्या वेळीच वाढा.